गाईंनी खाल्लेली शाळा आणि न खाल्लेलं चर्च

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात बेयार्ड गावाजवळ १८८६च्या आसपास एका खोलीची शाळा बांधली गेली. भिंती वाळलेल्या गवताच्या, यंत्रात दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांच्या. बाहेरून गिलावा नव्हता आणि भोवती कुंपणही नव्हतं. १९०२पर्यंत ही शाळा गाईंनी खाऊन टाकली, असं सांगतात. गठ्ठ्यांच्या बांधकामाची माहीत असलेली ही सर्वांत जुनी इमारत, आणि तिचं काय झालं ते असं.

त्याच राज्यात, तिथून पूर्वेला असलेल्या आर्थर गावात १९२८ साली बांधलेलं पिलग्रिम होलिनेस चर्च मात्र अजून उभं आहे. भिंती राय (गव्हासारखं एक धान्य) या पिकाच्या काडाच्या, जवळजवळ दोन फूट जाडीच्या. १९७९ साली ते राष्ट्रीय वारसायादीत गेलं आणि आज तिथे छोटं संग्रहालय आहे.

हे बांधकाम याच भागात का जन्मलं, याचं उत्तर जमिनीत आहे. नेब्रास्कातल्या सँडहिल्स म्हणजे सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटर पसरलेल्या वाळूच्या टेकड्या, गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या. झाडं जवळजवळ नाहीतच. बाकीच्या गवताळ प्रदेशात लोक मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या रचून घरं बांधत; इथली रेताड माती हातात घेतली की भुगा. १९०४च्या किंकेड कायद्याने प्रत्येक कुटुंबाला ६४० एकर देऊ केले, पण घर कशाचं बांधायचं ते सांगितलं नाही. गवत मुबलक होतं आणि गठ्ठे बांधणारी यंत्रं आलेली होती. लोकांनी गठ्ठे विटांसारखे सांधेमोड करून, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता रचले, वर चौपाखी छप्पर टाकलं. चौपाखीच का, तर भार चारही भिंतींवर सारखा पडतो. छपराच्या वजनाने भिंत काही इंच बसायची. ती बसेपर्यंत गिलावा करायचा नाही, हे शहाणपण कुठल्याही अभियंत्याने शिकवलेलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. अशी भिंत टिकेल की नाही हे ठरवताना काड किती जुनं आहे, याला फारसा अर्थ नाही. काडात मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन असतं, शिवाय सिलिका बरीच. नायट्रोजन अगदी थोडा. कुजवणाऱ्या बुरशीच्या दृष्टीने हे रुक्ष जेवण आहे, आणि पाण्याशिवाय तेही तिच्या घशाखाली उतरत नाही. काडातली ओल वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असेल तर धोका नाही. पंचविशीच्या पुढे गेली आणि आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, की कुजणं सुरू होतं. गवताचे गठ्ठे या बाबतीत जरा नाजूक, कारण गवतात प्रथिनं जास्त असतात. गाईंना गवत आवडतं, ते यासाठीच.

लोकांना भीती वाटते ती आगीची. दाबून बांधलेल्या गठ्ठ्यात हवाच पुरेशी नसते. त्यावर गिलावा असला तर अशी भिंत चांगला तग धरते. खरी आग लागते ती बांधकामाच्या वेळी खाली सांडलेल्या सुट्या काडाला.

ओल शिरायच्या जागा ठरलेल्या आहेत. छपराची गळती, खिडकीच्या चौकटीची खालची बाजू आणि पागोळ्यांचं पाणी आपटून भिंतीवर उडतं तो खालचा फूटभर पट्टा. खिडकीखालची जागा सर्वांत फसवी. चौकट आणि गिलावा यांच्या सांध्यात केसाएवढी फट पडते, प्रत्येक पावसात थोडं पाणी आत जातं आणि बाहेरून वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. दिसतं तेव्हा पोपडा निघालेला असतो. त्यात बोट घातलं तर काड पिवळं नसतं. काळपट, मऊ आणि कुबट वासाचं लागतं.

इथे सद्हेतूने केलेली दुरुस्ती घात करते. भेग दिसली की सिमेंट थापायचं, ही सवय जगभर सारखीच. आपल्याकडे पांढऱ्या मातीच्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा करून भिंती आतून भुसभुशीत झालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. सिमेंट कडक असतं, भिंत हलली की तडकतं. तड्यातून पाणी आत जातं, पण वाफ होऊन बाहेर पडायला सिमेंट पुरेशी वाट देत नाही. चुन्याचा गिलावा वाफेला वाट देतो, आणि त्यातल्या बारीक भेगा विरघळलेला चुना पुन्हा साचून काही प्रमाणात आपोआप भरतात. मातीचं लिंपण तर काडातली ओल स्वतःकडे ओढून घेतं. मात्र सरसकट सिमेंटला शिव्या घालणंही बरोबर नाही. सँडहिल्समधल्या कितीतरी घरांवर सिमेंटचाच गिलावा आहे आणि ती टिकली, कारण तिथे वर्षाला साधारण चारशे ते सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो. भिंतीला वाळायला सवड मिळते.

तपासणीसाठी लागणारं मुख्य हत्यार शेतकऱ्यांच्याच गोठ्यातलं आहे: गठ्ठ्यात खुपसायचा लांब दांड्याचा ओलमापक. विजेला होणारा अवरोध मोजून तो ओल सांगतो. गिलाव्याला बारीक भोक पाडून दांडा वेगवेगळ्या खोलीवर न्यायचा, आकडे नोंदवायचे, भोक बुजवायचं. एका दिवसाचा आकडा फारसा कामाचा नाही. पावसाळ्यानंतर तो खाली येतो की नाही, हे महत्त्वाचं. कुजलेला भाग सापडला तर सगळी भिंत पाडावी लागत नाही. आधी पाण्याची वाट बंद करायची, मग कोरडं काड लागेपर्यंत कुजका भाग काढायचा, गठ्ठा सोडल्यावर निघणारे काडाचे थर त्या पोकळीत घट्ट ठासायचे आणि वरून चुना.

हे करायला माणूस हवा, आणि अडचण तिथेच आहे. २०२०च्या जनगणनेत आख्ख्या आर्थर काउंटीत ४३४ लोक होते. शेतं मोठी झाली, कुटुंबं निघून गेली, कुरणात एकटी उभी असलेली घरं मागे राहिली. लोकसाहित्याचे अभ्यासक रॉजर वेल्श यांनी १९७० साली या बांधकामाबद्दल लिहिलं नसतं, तर बाहेरच्या जगाला ते कळायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे. याउलट अमेरिकेच्याच अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल शहरातलं डॉ. विल्यम बरिट यांचं घर घ्या. लाकडी सांगाड्यात सुमारे २२०० गठ्ठे भरून ते १९३८ साली पूर्ण झालं. नेब्रास्काच्या दुप्पटतिप्पट पाऊस आणि दमट हवा, तरी ते शाबूत आहे. बरिट यांनी ते शहराला दिलं आणि १९५५पासून तिथे संग्रहालय आहे, म्हणजे छपराकडे रोज कुणाचं तरी लक्ष असतं. माझ्या मते पैसे थोडे असतील तर ते आधी पत्रे, वळचण आणि पन्हळींवर खर्च करावेत. आतल्या सजावटीचं नंतर बघता येईल.

एक प्रश्न मात्र वारसा जपणाऱ्यांना छळतो. काढून नवीन भरलेलं काड 'अस्सल' मानायचं का? जुनं काड म्हणजे त्या काळच्या शेतीची नोंदच असते: धान्याचं वाण, सोबतचं तण, कापणीची उंची, गठ्ठा बांधायला वापरलेली तार. आजच्या बुटक्या गव्हाचं काड तसं नसतं. म्हणून निघालेल्या काडातला कोरडा मूठभर नमुना, तारेच्या तुकड्यासकट, जागा आणि तारीख लिहून जपून ठेवावा आणि नव्या काडाचं शेत व साल दुरुस्तीच्या वहीत नोंदवावं.