स्लाइड स्कॅनर : टचस्क्रीनवरून हाताळणी

काचेच्या स्लाइडवरील ऊतीच्या कापाचे सूक्ष्मदर्शी भिंगातून आपोआप फोटो काढून संपूर्ण स्लाइडची एकसंध डिजिटल प्रतिमा बनवणारे यंत्र म्हणजे स्लाइड स्कॅनर. बायोप्सी आणि शस्त्रक्रियेतून आलेले नमुने तपासणाऱ्या हिस्टोपॅथॉलॉजी प्रयोगशाळांत ते वापरतात. यंत्राला टचस्क्रीन असेल तर रॅक (स्लाइड ठेवण्याची चौकट) ओळखण्यापासून प्रतिमा सर्व्हरवर पाठवण्यापर्यंतचे बरेचसे काम तंत्रज्ञ तिच्यावरूनच करतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फिलिप्सच्या प्रणालीला प्राथमिक निदानासाठी परवानगी दिली आणि शिकवण्या-संशोधनापुरते मानले जाणारे हे तंत्र रोजच्या निदानात शिरले.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात ऊतींच्या तपासणीचे काम मोठे आहे. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, नेरूळला डी. वाय. पाटील, कामोठ्याला एमजीएम आणि कळव्याला ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिवाय ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात निदानाच्या आणि औषध संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत. प्रतिमा डिजिटल झाली की खारघरची स्लाइड दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना लगेच दाखवता येते. काच कुरियरने पाठवण्याचा वेळ आणि ती फुटण्याची भीती दोन्ही वाचतात.

यंत्राची खरी कसोटी फोकसमध्ये लागते. कापाची जाडी साधारण ३ ते ५ मायक्रॉन असते. २० पट मोठे दाखवणाऱ्या, ०.७५ छिद्रांकाच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेते त्याचे माप) भिंगाला मात्र एका वेळी सुमारे १ मायक्रॉन खोलीच स्पष्ट दिसते. कापाला सुरकुती पडली, कव्हरस्लिपखाली (कापावर बसवलेल्या पातळ काचेखाली) हवेचा बुडबुडा अडकला किंवा स्लाइड रॅकमध्ये तिरकी बसली तरी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून सॉफ्टवेअर काही ठिकाणी फोकसबिंदू मोजून ऊतीच्या उंचसखलपणाचा नकाशा तयार करते. काही यंत्रे स्कॅन चालू असतानाच फोकस जुळवत राहतात. ४० पट स्कॅनला एक पिक्सेल सुमारे ०.२५ मायक्रॉनचा असतो. म्हणजे १५ मिमी × १५ मिमी ऊतीची प्रतिमा ६०,००० × ६०,००० पिक्सेलची, ३६० कोटी पिक्सेलची होते. न दाबलेल्या (कॉम्प्रेस न केलेल्या) स्वरूपात ती जवळपास ११ जीबी भरते. त्यामुळे प्रतिमा दाबून, लहानमोठ्या आकारांच्या थरांत साठवतात. डॉक्टर झूम करतील तेवढाच तुकडा पडद्यावर येतो.

रॅक आत सरकवला की स्क्रीनवर त्याचे खाने दिसतात आणि प्रत्येक स्लाइडची स्थिती रंगाने किंवा चिन्हाने कळते. लायका कंपनीच्या अ‍ॅपेरिओ जीटी ४५० मध्ये प्रत्येकी ३० स्लाइडचे १५ रॅक बसतात. तातडीची केस आली तर तिच्या रॅकला स्क्रीनवरून अग्रक्रम देता येतो. यंत्र आधी कमी मोठेपणाचा पूर्वदृश्य फोटो काढते, लेबलवरचा बारकोड वाचते, ऊती कुठे आहे ते रंगाच्या फरकावरून ओळखते आणि तिच्याभोवती चौकट आखते. चौकटीबाहेरचे काहीही पुढे मोठे करून पाहता येत नाही.

सगळ्या हाताळणीत सर्वाधिक लक्ष द्यायला हवे ते इथेच. अस्पष्ट प्रतिमा डॉक्टरांच्या लगेच लक्षात येते आणि ते पुन्हा स्कॅन मागतात. चौकटीबाहेर राहिलेला तुकडा मात्र लक्षातच येत नाही, कारण पडद्यावर दिसते ते सगळे व्यवस्थित असते. चरबीची ऊती, फिकट रंगलेला इम्युनो स्लाइडवरचा (अँटिबॉडी वापरून रंगवलेल्या स्लाइडवरचा) काप, सुईने काढलेल्या बायोप्सीचा बाजूला सुटलेला बारीक कण हे सॉफ्टवेअरकडून हमखास सुटणारे प्रकार. उलट मार्करने केलेला ठिपका किंवा कव्हरस्लिपची कड त्याला ऊती वाटते, आणि फोकसबिंदू तिथे पडला की शेजारचा भागही धूसर होतो. चौकट बोटाने ओढून वाढवता येते, चुकीचा फोकसबिंदू पुसून दुसरा ठेवता येतो. काही यंत्रांत पूर्वदृश्याला थांबा नसतो, स्कॅन आपोआप सुरू होतो. तिथे स्कॅननंतर पूर्ण स्लाइडचा छोटा फोटो मोठ्या प्रतिमेशी ताडून पाहणे हाच उपाय. हाती काच असताना तिच्यावरचे तुकडे मोजून पडद्यावर तेवढेच आहेत का हे पाहण्याची सवय नव्या तंत्रज्ञांना पहिल्या दिवसापासून लावावी.

पावसाळ्यात इथल्या दमट हवेचा त्रास स्लाइड यंत्रात जाण्याआधीच सुरू होतो. अ‍ॅबसोल्यूट अल्कोहोल (ऊतीतले पाणी काढण्यासाठी वापरतात ते निर्जल अल्कोहोल) हवेतला ओलावा शोषते, ऊतीतले पाणी पुरते निघत नाही आणि कव्हरस्लिपखाली दुधट झाक येते. स्क्रीनवर ती फोकस गेल्यासारखी दिसते, पण कितीही वेळा स्कॅन मारला तरी सुधारत नाही. अल्कोहोल बदलून स्लाइड पुन्हा करावी लागते. डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवण्याचा द्राव) नीट वाळलेले नसेल तर स्लाइड खाचेत चिकटते आणि ती उचलणारा यंत्राचा हात अडकतो. कड तुटलेली स्लाइड किंवा काचेबाहेर आलेले लेबल यांनीही तेच होते. अशा वेळी झाकण ओढू नये. स्क्रीनवर पॉज दाबून हात थांबल्याची खूण आल्यावरच दार उघडावे. नाहीतर हात जागा चुकतो आणि यंत्र पुन्हा शून्यावर आणावे लागते. वीज गेल्यावर चालू स्कॅन अर्धवट राहू नये म्हणून यंत्र आणि त्याचा संगणक दोन्ही यूपीएसवर असावेत.

पातळ नायट्राइल हातमोज्यांतून टचस्क्रीन सहसा चालते. झायलिन (स्लाइड तयार करताना वापरतात तो विद्रावक) लागलेल्या हातमोज्याने मात्र तिला हात लावू नये, कारण झायलिन प्लास्टिकवर डाग पाडते. स्क्रीन पुसताना द्राव कापडावर घ्यावा, थेट स्क्रीनवर फवारू नये.

प्रत्येकाने स्वतःच्या लॉगिननेच काम करायचे असते. कोणती स्लाइड कोणी स्कॅन केली, कोणी पुन्हा केली, बारकोड वाचला गेला नाही तेव्हा क्रमांक कोणी हाताने भरला, याची नोंद त्यावरूनच राहते. हाताने भरलेला क्रमांक लेबलशी दुसऱ्या व्यक्तीने ताडून पाहणे चांगले, कारण एका आकड्याच्या चुकीने एकाची प्रतिमा दुसऱ्याच्या अहवालाला जोडली जाते. प्रतिमेच्या फाइलमध्ये लेबलचा फोटोही साठवलेला असतो. लेबलवर रुग्णाचे नाव असेल तर शिकवण्यासाठी किंवा बाहेर पाठवण्यासाठी फाइल देताना तो फोटो काढून टाकावा लागतो. फाइलचे नाव बदलल्याने तो जात नाही.