एकही तारा म्हातारा होताना कुणी पाहिला नाही, मग कळलं कसं?

सूर्याचं वय साधारण 460 कोटी वर्षं, अजून जवळपास 500 कोटी वर्षं तो असाच तळपणार, मग फुगून तांबडा राक्षसी तारा होणार, बाहेरचे थर अवकाशात सोडून देणार आणि मागे पृथ्वीएवढा श्वेत बटू उरणार. हे आपण इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्यात काही विशेष आहे असं वाटतच नाही. पण जरा हिशोब करून बघा. टेलिस्कोप येऊन 400 वर्षांच्या थोडं वर झालंय. सूर्याचं हजार कोटी वर्षांचं आयुष्य माणसाच्या 80 वर्षांएवढं धरलं तर आपण त्याला टेलिस्कोपमधून बघतोय ते फक्त पावणेदोन मिनिटं. पावणेदोन मिनिटं एखाद्या माणसाकडे बघून त्याचं बालपण, म्हातारपण, मरण सगळं सांगायचं, आणि तेही त्याला हात न लावता, लांबून. हे जमलं कसं, हा प्रश्न मला ताऱ्यांच्या कुठल्याही सुंदर फोटोपेक्षा जास्त ओढ लावतो.

विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने 1789 मध्येच यावर एक वाट सुचवली होती. तो म्हणाला, आकाश बागेसारखं आहे, एका झाडाचं सगळं आयुष्य बघत बसायची गरज नाही, बागेत एकाच वेळी अंकुर, पानं, फुलं, सुकलेलं खोड सगळंच दिसतं. कल्पना फारच चांगली, पण एक मेख आहे. समोरचं छोटं रोपटं म्हणजे मोठ्या झाडाचं बालपण आहे की ती जातच बुटकी आहे, हे कसं ठरवणार? ताऱ्यांच्या बाबतीत हा घोळ खरोखर झाला. बरीच वर्षं अनेकांना वाटायचं की तारा निळा, खूप गरम असा जन्मतो आणि हळूहळू थंड होत लाल होतो, म्हणून निळ्या ताऱ्यांना ‘अर्ली’ आणि लाल ताऱ्यांना ‘लेट’ म्हणायची पद्धत पडली. ती समजूत चूक निघाली, शब्द मात्र आजही वापरात आहेत.

मेख सुटली ती तारकागुच्छांमुळे. कृत्तिका सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे, पण गुच्छात आहेत हजारावर. हे सगळे एकाच वायूच्या ढगातून जवळपास एकाच वेळी जन्मले आणि आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, साधारण 440 प्रकाशवर्षं. म्हणजे त्यातला एखादा तारा जास्त तेजस्वी दिसला तर तो जवळ आहे म्हणून तसा दिसतोय असं म्हणायला जागाच नाही, तो खरंच जास्त तेजस्वी आहे. वय सारखं, अंतर सारखं, कच्चा माल सारखा, फरक फक्त वस्तुमानाचा. याहून चांगला प्रयोग लॅबमध्येसुद्धा मांडता आला नसता.

आता एक आलेख काढायचा. आडव्या अक्षावर ताऱ्याचा रंग, म्हणजेच तापमान, डावीकडे निळे गरम आणि उजवीकडे लाल थंड, उभ्या अक्षावर तेज. हर्ट्झस्प्रंग आणि रसेल या दोघांनी 1911 ते 1913 च्या सुमारास वेगवेगळं काम करून असे आलेख मांडले, म्हणून त्याला एच-आर आलेख म्हणतात. कृत्तिकांचे तारे त्यावर टाकले की डावीकडे वरून उजवीकडे खाली एक लांब तिरका पट्टा मिळतो, ज्याला मुख्य क्रम म्हणतात. आता कर्क राशीतला एम67 नावाचा गुच्छ घ्या आणि त्याचे तारे तसेच टाका. खालचा पट्टा तसाच्या तसा, पण वरचा डावीकडचा भाग, तेजस्वी निळे तारे, जवळजवळ गायब! पट्टा मध्येच वाकतो आणि उजवीकडे वर तांबड्या राक्षसी ताऱ्यांकडे वळतो.

ते निळे गेले कुठे? संपले. जड ताऱ्याचं स्वतःचं वजन प्रचंड, ते पेलायला गाभ्यात दाब आणि तापमान जास्त लागतं आणि तापमान थोडं वाढलं तरी हायड्रोजनचं हेलियम होण्याचा वेग भलताच वाढतो. सूर्याच्या 10 पट वस्तुमानाचा तारा हजारो पट तेजाने जळतो, म्हणजे इंधन 10 पट पण खर्च हजारो पट, त्यामुळे दोन-तीन कोटी वर्षांत खेळ आटोपतो. मृग नक्षत्राजवळची तांबूस काक्षी (बीटलज्यूस) अशीच, तिचं वय सूर्याच्या तुलनेत नगण्य, साधारण एक कोटी वर्षं, तरी ती शेवटच्या टप्प्यात आलीये. म्हणजे गुच्छाचा पट्टा जिथे वाकतो ते ठिकाण म्हणजे त्या गुच्छाचं घड्याळ. त्या जागेवरच्या ताऱ्यांचं इंधन आत्ता संपत आलंय, त्याहून जड होते ते आधीच गेले. कृत्तिकांचं वय या घड्याळाने 10 कोटी वर्षांच्या आसपास येतं, एम67 चं साधारण 400 कोटी आणि शौरी तारकासमूहातल्या एम13 सारख्या गोल गच्च गुच्छांचं 1200 कोटींच्या घरात. वेगवेगळ्या वयाचे गुच्छ ओळीने लावले की ताऱ्यांचं सगळं आयुष्य समोर येतं, पावणेदोन मिनिटांत.

पण आलेखावर वाकणारा पट्टा म्हणजे आतमध्ये खरंच अणू जुळताहेत याचा पुरावा कुठे आहे? त्यासाठी वर्णपटाकडे जावं लागतं.

ताऱ्याचा प्रकाश प्रिझममधून किंवा बारीक रेघा कोरलेल्या जाळीतून नेला की रंगांचा पट्टा पसरतो आणि त्यात काळ्या रेघा दिसतात. फ्राउनहोफरने 1814 मध्ये सूर्याच्या पट्ट्यात अशा पाचशेहून जास्त रेघा मोजल्या होत्या, त्या कशाच्या हे मात्र तेव्हा कळलं नव्हतं. चिमूटभर मीठ निळ्या ज्योतीत टाकलं तर ज्योत भडक पिवळी होते ना, तो सोडियमचा रंग, आणि नीट पाहिलं तर ती पिवळ्यातली अगदी शेजारी शेजारी असलेली दोन रेघांची जोडी असते. सूर्याच्या वर्णपटात बरोबर त्याच जागी दोन काळ्या रेघा आहेत, कारण सूर्याच्या वरच्या थरातलं सोडियम तोच प्रकाश गिळतं. 1859 मध्ये किर्शहॉफ आणि बुन्सेन यांनी हे जुळवून दाखवलं. त्याच्या 24 वर्षं आधी ऑगस्ट कोम्त या तत्त्वज्ञाने लिहून ठेवलं होतं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही.

तरी रेघा वाचणं सोपं नव्हतं. सूर्यात लोखंडाच्या रेघा ढिगाने दिसतात म्हणून लोकांना वाटायचं सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच मालाचा आहे. मेघनाद साहांनी 1920 मध्ये दाखवलं की रेघ किती ठळक हे फक्त मूलद्रव्य किती आहे यावर ठरत नाही, तापमानाने अणूंचे इलेक्ट्रॉन कितपत निघून गेलेत यावरही ठरतं. सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेने साहांचं यासाठीचं समीकरण हार्वर्डमधल्या फोटोंच्या प्लेट्सवर लावलं आणि 1925 च्या प्रबंधात तिचं उत्तर आलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत, बाकी सगळं किरकोळ. रसेलसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने हे शक्यच नाही असं कळवलं, म्हणून तिला प्रबंधात स्वतःचाच निकाल बहुधा खरा नसावा असं लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने त्याच उत्तरावर पोचले आणि तिचं बरोबर होतं हे मान्य केलं. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं, कारण विश्वातला बहुतेक साधा माल हायड्रोजन आहे हे पहिल्यांदा ज्या व्यक्तीला कळलं तिलाच ते ठामपणे म्हणता आलं नाही.

आणि आता टेक्नेशियम. हे मूलद्रव्य किरणोत्सारी आहे, त्याचा सगळ्यात टिकाऊ प्रकारसुद्धा साधारण 42 लाख वर्षांत निम्मा होतो. 1952 मध्ये पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेघा सापडल्या. ते तारे कोट्यवधी वर्षं जुने, म्हणजे जन्माच्या वेळी त्यांच्यात टेक्नेशियम असतं तरी आतापर्यंत संपून गेलं असतं. ते आत्ता दिसतंय, तर तारा ते आत्ता आत तयार करतोय आणि ढवळून वर आणतोय. मूलद्रव्यं ताऱ्यात शिजतात याचा इतका थेट पुरावा दुसरा क्वचितच असेल. एक पुसट रेघ, पण तिच्यावर केवढं उभं आहे!

मरण मात्र कधीकधी समोर घडतं. 23 फेब्रुवारी 1987 ला आपल्या आकाशगंगेशेजारच्या मोठा मॅगेलानिक मेघ या ताऱ्यांच्या समूहात, साधारण 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षांवर, एक तारा फुटला. प्रकाश यायच्या काही तास आधी जमिनीखालच्या डिटेक्टर्सनी मिळून दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणारे अतिसूक्ष्म कण, पकडले होते, म्हणजे गाभा कोसळल्याची बातमी स्फोट दिसायच्या आधी आली. जुन्या प्लेट्सवर तो तारा सापडला आणि तो निघाला निळा, जिथे सगळ्यांना तांबड्याची अपेक्षा होती. मग ताऱ्यांच्या उत्क्रांतीची गणितं परत तपासावी लागली.

दीर्घिकांचं, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहांचं, प्रकरण वेगळं. तिथे आधी अंतरच माहीत नव्हतं. जवळच्या ताऱ्यांचं अंतर पराशयाने काढता येतं, पृथ्वी सूर्याच्या या बाजूला असताना आणि सहा महिन्यांनी त्या बाजूला असताना तारा किंचित सरकलेला दिसतो, बेसेलने 1838 मध्ये ते पहिल्यांदा नीट मोजलं, आणि गाया या यानाने जवळपास 180 कोटी ताऱ्यांची नोंद केली. पण दीर्घिकांना ते चालत नाही. तिथे उपयोगी पडले सेफीड नावाचे रूपविकारी तारे, ज्यांचं तेज ठरावीक दिवसांनी कमीजास्त होतं. हेन्रिएटा लेविट यांनी 1912 मध्ये दाखवलं की ही लय जितकी संथ तितका तारा मुळात तेजस्वी. म्हणजे दिवस मोजा, खरं तेज कळलं, दिसणारं तेज मोजा, अंतर कळलं. 1923 च्या ऑक्टोबरमध्ये एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाने देवयानी दीर्घिकेच्या प्लेटवर नवतारा समजून खूण केली होती, नंतर ती खोडून तिथे ‘बदलणारा’ या अर्थाची तीन अक्षरं आणि उद्गारचिन्ह लिहिलं. तो सेफीड होता. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहे हे त्यावरून ठरलं, आजच्या मोजणीने 25 लाख प्रकाशवर्षं.

अंतर कळलं की दीर्घिकांच्या बाबतीत एक सोय मिळते जी ताऱ्यांच्या बाबतीत नाही. लांब बघणं म्हणजे जुनं बघणं. 1995 च्या डिसेंबरमध्ये हबल टेलिस्कोप सप्तर्षींमधल्या एका अगदी रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्याकडे 10 दिवस रोखून धरला होता, आणि त्यात सुमारे 3000 दीर्घिका निघाल्या, वेगवेगळ्या अंतरावरच्या म्हणजे वेगवेगळ्या काळातल्या. जवळच्या नीटस, चक्राकार किंवा लंबगोल, दूरच्या लहान, वेड्यावाकड्या, एकमेकींवर आदळणाऱ्या. अशा सगळ्या पाहण्यांमधून दिसलं की विश्वात तारे जन्मायचा वेग साधारण 1000 कोटी वर्षांपूर्वी सगळ्यात जास्त होता, तेव्हापासून तो उतरत आलाय. हर्शेलची बागच, फक्त इथे प्रत्येक वाफ्यावर तारीख लिहिलेली आहे.

आपल्या आकाशगंगेचा भूतकाळ मात्र असा लांबून दिसत नाही, तो ताऱ्यांच्या चालीतून काढावा लागतो. गायाच्या डेटात 2018 मध्ये असे ढीगभर तारे सापडले जे बाकीच्यांसारखे गोल न फिरता फार लांबट कक्षांत किंवा चक्क उलटे फिरतात, आणि त्यांची रासायनिक घडणही वेगळी. ते मूळचे इथले नाहीतच, सुमारे 1000 कोटी वर्षांपूर्वी आकाशगंगेने गिळलेल्या एका छोट्या दीर्घिकेचे ते तारे आहेत, अजून जुन्याच वाटेने चाललेले.

आणि सगळ्यात लांबचं टोक. खूप दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश विश्व प्रसरण पावल्यामुळे ताणला जातो, मुळात अतिनील असलेला अवरक्त होऊन पोचतो, म्हणून जेम्स वेब टेलिस्कोप अवरक्तात बघतो. 2024 मध्ये त्याने जेड्स-जीएस-झेड14-0 ही दीर्घिका दाखवली, बिग बँगनंतर 30 कोटी वर्षंसुद्धा झालेली नव्हती तेव्हाची. मग चिलीच्या अटाकामा वाळवंटात साधारण 5000 मीटर उंचीवर असलेल्या आल्मा या रेडिओ टेलिस्कोपच्या अँटेना तिच्याकडे वळवल्या, आणि 2025 मध्ये दोन गटांनी सांगितलं की तिच्या वर्णपटात ऑक्सिजनची रेघ आहे. बिग बँगमध्ये हायड्रोजन, हेलियम आणि चिमूटभर लिथियम एवढंच बनलं होतं, ऑक्सिजन ताऱ्यातच शिजतो. म्हणजे तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा जड ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, जळून, फुटून गेलेली होती.