जेयूनिट ४ वरून ५ वर: तुटलेली असर्शन्स कशी दुरुस्त करावीत

तुमच्या जावा प्रकल्पातल्या टेस्ट अजून जेयूनिट ४ या टेस्ट चालवणाऱ्या साधनावर असतील, तर हे पत्रक तुमच्यासाठी. जेयूनिट ५ सप्टेंबर २०१७ मध्ये आले, त्याला जावा ८ पुरते. २०२५ मध्ये आलेल्या ६ ला जावा १७ लागते. असर्शन्सची (टेस्टमधल्या ‘निकाल असाच हवा’ या तपासण्यांची) खरी मोडतोड मात्र ४ ते ५ या टप्प्यातच होते.

हात लावण्याआधी सगळ्या टेस्ट एकदा चालवून एकूण आकडा टिपून ठेवा. नंतर तो कमी भरला, तर काही फायलींत जुना ‘ऑर्ग.जेयूनिट.टेस्ट’ हा इम्पोर्ट राहिलेला असतो. व्हिंटेज इंजिन (जुन्या टेस्ट नव्या जेयूनिटवर चालवणारा भाग) जोडलेले नसेल तर नवे इंजिन त्या टेस्टकडे ढुंकूनही पाहत नाही आणि बिल्ड हिरवेच (म्हणजे पास) राहते. बिल्डसाठी मेव्हन वापरत असाल तर शुअरफायर (टेस्ट चालवणारे प्लगइन) किमान २.२२.० हवे, ग्रेडलमध्ये ‘यूझजेयूनिटप्लॅटफॉर्म’ ही ओळ विसरू नका.

आता मुख्य दुखणे. असर्शन फसल्यावर दिसणारा संदेश जेयूनिट ४ मध्ये पहिला लिहायचा, ५ मध्ये तो शेवटी गेला. इम्पोर्ट शोधून सरसकट बदलले की बहुतेक ठिकाणी कंपाइलरच अडवतो: असर्टट्रू(“बाकी चुकली”, अट) हे चालतच नाही. ही सोपी बाजू. पण सगळे अर्ग्युमेंट स्ट्रिंग असतील तर कंपाइलरला काहीच खटकत नाही. समजा जुनी ओळ अशी आहे:

असर्टइक्वल्स(“नाव चुकले”, “पाटील”, ग्राहक.नाव())

नव्या आवृत्तीत हीच ओळ “नाव चुकले” आणि “पाटील” यांची तुलना करते. मग लॉगमध्ये दिसते: ‘पाटील ==> एक्स्पेक्टेड: <नाव चुकले> बट वॉज: <पाटील>’. अपेक्षित मूल्याच्या जागी तुमचाच संदेश दिसला की कोडमध्ये बग शोधत बसू नका, क्रम बदला.

ही टेस्ट निदान लाल तरी होते. याहून वाईट ती, जी हिरवी राहते. असर्टनॉटनल(“पावती क्रमांक नाही”, पावती.क्रमांक()) यात क्रमांक स्ट्रिंग असेल, तर आता संदेशच तपासला जातो. संदेश कधीच नल (मूल्यच नसलेला) नसतो, त्यामुळे क्रमांक नल आला तरी टेस्ट पास. तीन स्ट्रिंग घेणाऱ्या असर्टनॉटइक्वल्सचीही हीच गत. या दोन्ही नावांपुढच्या कंसात लगेच अवतरणचिन्ह आहे का, ते सगळ्या प्रकल्पात शोधा आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहा. संदेश एखाद्या कॉन्स्टंटमध्ये ठेवला असेल तर या शोधात तो सापडणार नाही. ओपनरीराइट या कोड आपोआप बदलणाऱ्या साधनाची तयार रेसिपी इम्पोर्टसोबत संदेशही हलवते, म्हणून हाताने शोध-बदल करण्यापेक्षा आम्ही तीच सुचवतो. दुरुस्तीनंतर अशा चार-पाच टेस्टमध्ये मुद्दाम चुकीचे मूल्य घालून त्या लाल होतात का, तेही बघा.

अपवाद (एक्सेप्शन) अपेक्षित आहे असे सांगणारे @टेस्ट(एक्स्पेक्टेड = …) गेले, त्याऐवजी असर्टथ्रोज आले. त्याला दिलेल्या लॅम्डामध्ये (छोट्या निनावी फंक्शनमध्ये) फक्त अपवाद फेकणारी ओळ ठेवा. सगळी टेस्ट आत कोंबली, तर तयारीच्या ओळीतून तसाच अपवाद उडाला तरी टेस्ट पास होते. टाइमआउटचे थोडे वेगळे आहे: असर्टटाइमआउट काम संपेपर्यंत थांबते आणि मग उशीर झाल्याचे सांगते, म्हणजे अडकलेली टेस्ट अडकूनच राहते. मध्येच तोडायचे असेल तर असर्टटाइमआउटप्रीएम्प्टिव्हली घ्या. पण ते कोड दुसऱ्या थ्रेडवर चालवते, त्यामुळे थ्रेडलोकलवर (एकाच थ्रेडपुरत्या साठवणीवर) टेकलेले डेटाबेस ट्रान्झॅक्शन तिथे दिसत नाही.

असर्टदॅट नव्या असर्शन्समध्ये नाहीच. हॅमक्रेस्ट (मॅचर्स म्हणजे तयार तुलना-अटी देणारी लायब्ररी) वेगळी डिपेंडन्सी म्हणून जोडा आणि तिचे असर्टदॅट इम्पोर्ट करा. मॅचर्स तसेच चालतात. आणि असर्शनच्या आधीच नलपॉइंटर अपवाद आला तर प्रत्येक टेस्टआधीची तयारी करणारे @बिफोर पाहा. नव्या @टेस्टसोबत ते चालत नाही, @बिफोरईच लागते.

सगळे एका दिवसात उरकायची गरज नाही. व्हिंटेज इंजिन ठेवून एकेक पॅकेज हलवा. ६ मध्ये ते डेप्रिकेटेड (वापर टाळावा असे जाहीर केलेले) आहे, त्यामुळे शेवटचे पॅकेज हलले की काढून टाका. काम आमच्याकडे देणार असाल तर बदलाआधीच्या पूर्ण रनचा लॉग सोबत पाठवा.