मतविभाजन आणि लोकप्रतिनिधीची मतनोंद

मतविभाजन म्हणजे संसदेत किंवा विधिमंडळात एखादा प्रस्ताव मताला टाकल्यावर बाजूचे, विरोधातले आणि तटस्थ सदस्य वेगळे मोजण्याची पद्धत. या मोजणीत सदस्याचे नाव त्याच्या मतासह कामकाजाच्या वृत्तांतात छापले जाते. खासदार किंवा आमदार कोणत्या कायद्याच्या बाजूने उभा राहिला, हे कागदावर सिद्ध करणारा भक्कम पुरावा तेवढा एकच असतो. भारतात हा पुरावा फार थोड्या प्रसंगी तयार होतो. अर्थसंकल्पी मागण्यांपासून फौजदारी कायद्यांपर्यंत बहुतेक कामकाज आवाजी मतदानाने उरकले जाते आणि आवाजाला नाव नसते.

महाराष्ट्र विधानसभेत पीठासीन अधिकारी विचारतात, ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे’. दोन्ही बाजूंचा आवाज ऐकून ते ‘होयचे बहुमत’ असे जाहीर करतात. कोणाला हा कौल मान्य नसेल तर तो मतविभाजन मागतो. सभागृहाच्या बोलीत याला ‘पोल मागणे’ म्हणतात. लोकसभेच्या नियमांप्रमाणे (नियम ३६७) कौलाला आव्हान मिळाले की लॉबी (सभागृहालगतची मार्गिका) मोकळी करण्याचा आदेश निघतो, घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मताला टाकला जातो आणि पुन्हा हरकत आली तर मोजणी होते. याच नियमात एक पळवाटही आहे. मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले तर ते सदस्यांना जागेवर उभे करून नुसती डोकी मोजू शकतात, आणि तशा वेळी नावे नोंदवली जात नाहीत. या एका तरतुदीने सदस्याचे मत आकड्यात विरघळते. पोल नाकारण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याकडे इतका मोकळा असू नये, कारण मागणारा बहुधा अल्पमतातला असतो आणि नोंदीची गरज त्यालाच अधिक असते.

प्रत्यक्ष मोजणी यंत्राने होते. पहिला ठोका पडला की सदस्याने आपल्या जागेवरचे हिरवे, लाल किंवा तटस्थतेचे पिवळे बटण दाबायचे आणि दहा सेकंदांनी दुसरा ठोका पडेपर्यंत धरून ठेवायचे. ज्यांचे बटण नीट लागत नाही ते चिठ्ठी देऊन मत दुरुस्त करतात. म्हणूनच निकाल ‘दुरुस्तीच्या अधीन’ म्हणून जाहीर होतो. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्रित निवडणुकांसंबंधीचे १२९वे घटनादुरुस्ती विधेयक मांडायला परवानगी द्यावी की नाही यावर नव्या संसद भवनातल्या लोकसभेत प्रथमच यंत्राने मतदान झाले. फलकावर बाजूने २२० आणि विरोधात १४९ असे आकडे आले. चिठ्ठ्या मोजून झाल्यावर तेच आकडे २६९ आणि १९८ झाले. म्हणजे सुमारे शंभर सदस्यांची मते फलकावर नव्हती. एखाद्या खासदाराची मतनोंद तपासणाऱ्याने फलकाच्या छायाचित्रावर विसंबू नये, छापील वृत्तांतातली दुरुस्त यादी पाहावी, ते एवढ्यासाठीच.

संविधानाच्या अनुच्छेद १०० प्रमाणे (राज्यांसाठी १८९) साध्या प्रस्तावाला हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत पुरते; अध्यक्ष सुरुवातीला मत देत नाहीत, समसमान मते पडली तरच निर्णायक मत देतात. घटनादुरुस्तीला मात्र अनुच्छेद ३६८ नुसार एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश अशी दुहेरी अट आहे. तिथे आवाजावर भागत नाही, मोजणी करावीच लागते. त्यामुळे भारतीय खासदारांच्या नावानिशी नोंदींचा मोठा साठा घटनादुरुस्त्यांच्या मतदानात सापडतो. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये लोकसभेत ३३२ विरुद्ध १५४ असे पार पडले. राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली. २२४ चे दोन-तृतीयांश १४९ पूर्णांक एक-तृतीयांश होतात, तेव्हा मताच्या एका अंशाने विधेयक पडले. तनखे पुढच्या वर्षी २६व्या घटनादुरुस्तीने गेले.

महिला आरक्षणाच्या विधेयकावर २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत चिठ्ठ्यांनी मतदान झाले: ४५४ विरुद्ध २. विरोधातली दोन्ही मते एमआयएमची होती, हैदराबादचे असदुद्दीन ओवेसी आणि औरंगाबादचे इम्तियाज जलील यांची. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळा वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप पटो अथवा न पटो, औरंगाबादच्या मतदाराला आपला खासदार कुठे उभा होता हे नेमके सांगता येते. हेच विधेयक आवाजी मतदानाने पार पडले असते तर ते दोन ‘नाही’ त्या गजरात ऐकूही आले नसते.

नोंद नसली की काय होते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ऑक्टोबर २०१४ च्या निवडणुकीत २८८ पैकी १२२ जागा जिंकणाऱ्या भाजपकडे स्वतःचे बहुमत नव्हते, शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती आणि ४१ आमदारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसने सरकार पडू देणार नाही असे सांगितले होते. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी अध्यक्षपदी हरिभाऊ बागडे यांची निवड झाल्यानंतर देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभाजनासाठी गोंधळ घातला, पण पोल झाला नाही. सरकार टिकले. पण त्या दिवशी राष्ट्रवादीच्या कोणत्या आमदाराने ‘होय’ म्हटले, कोण गप्प राहिले, याचा एकही अधिकृत कागद नाही. राज्याच्या राजकारणातला इतका कळीचा प्रसंग मतनोंदीविना राहिला, ही मोठी उणीव आहे.

राज्यसभेत २० सप्टेंबर २०२० रोजी कृषी विधेयके अशीच आवाजी मतदानाने संमत झाली. मतविभाजनाची मागणी मान्य न झाल्याने गदारोळ झाला आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले; त्यांत महाराष्ट्राचे राजीव सातव होते. १० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेने जनसुरक्षा विधेयकही आवाजी मतदानानेच मंजूर केले. डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांनी विरोध केला हे आपल्याला कळते ते त्यांच्या भाषणामुळे आणि बातम्यांमुळे. मतांची यादी अशी काही नाहीच.

याउलट न्यायालयाने किंवा राज्यपालांनी उघड मतदानाचा आदेश दिला की विधानसभेत शिरगणती होते. प्रत्येक आमदार आपल्या जागी उभा राहून नाव आणि क्रमांक उच्चारतो, रांगेमागून रांग पुढे सरकते. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या बाजूने अशी १६९ मते मोजली गेली, चार सदस्य तटस्थ राहिले आणि भाजपने आधीच सभात्याग केला होता. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारला १६४ विरुद्ध ९९ मते मिळाली. आदल्या दिवशीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत राहुल नार्वेकर यांच्या विरोधात १०७ मते होती. एका रात्रीत ती ९९ वर आली, कारण काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोहोचले आणि तोवर सभागृहाची दारे बंद झाली होती. मतनोंद वाचताना गैरहजेरी हीसुद्धा एक नोंद असते, आणि पुष्कळदा तिचे स्पष्टीकरण मतापेक्षा अधिक बोलके असते.

नाव छापले गेले तरी ते मत त्या सदस्याचे स्वतःचे असतेच असे नाही. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा किंवा मतदानाला गैरहजर राहणारा सदस्य, पंधरा दिवसांत पक्षाने माफ केले नाही तर, अपात्र ठरू शकतो. हा आदेश प्रतोद, म्हणजे पक्षाने सभागृहातल्या शिस्तीसाठी नेमलेला सदस्य काढतो. या आदेशाला सगळे व्हिप म्हणतात. परिशिष्टात विषयाचे बंधन नाही. सरकार तगणार की पडणार या मतदानाला जो व्हिप लागू तोच एखाद्या किरकोळ दुरुस्तीलाही लागू करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोटो होलोहान निकालात कायदा वैध ठरवला, पण अपात्रता सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूळ धोरण-कार्यक्रमाशी निगडित मतदानापुरती समजावी असा कल दाखवला. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने तेच सुचवले होते, आणि काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी त्यासाठी अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक) मांडले. कायदा बदललेला नाही. तो बदलायला हवा: विश्वासदर्शक ठराव आणि अर्थविषयक विधेयके सोडून इतरत्र सदस्याला मोकळीक मिळाल्याशिवाय त्याच्या मतनोंदीवरून त्याची भूमिका ठरवणे अन्यायाचे होते.

व्हिप कोणाचा, हा प्रश्न २०२२ मध्ये शिवसेनेच्या फुटीने ऐरणीवर आणला. ठाकरे गटाचे सुनील प्रभू आणि शिंदे गटाचे भरत गोगावले असे दोन प्रतोद, दोन आदेश आणि सभागृहात बसलेले तेच आमदार. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, आणि गोगावले यांना अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती. खरा पक्ष कोणता हे ठरवण्याचे काम मात्र अध्यक्षांकडे आले. १० जानेवारी २०२४ च्या निकालात नार्वेकर यांनी शिंदे गट हाच खरा पक्ष मानला आणि कोणालाही अपात्र केले नाही.

व्हिप झुगारून दिलेली मते म्हणूनच लक्षात राहतात. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश मोडून सरकारविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग यांनी लोकसभेचा राजीनामा दिलेला नव्हता, त्यांनीही मतदान केले. पक्षांतरबंदीच्या आधीच्या काळात मतभेद दाखवण्याचा मार्ग बहुधा राजीनाम्याचा होता. कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातून निवडून आलेले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले आणि लोकसभेतच त्याची कारणे मांडली. त्यांची भूमिका कळायला मतांची यादी उघडावी लागत नाही.

सभागृहात दिलेल्या मताबद्दल सदस्यावर खटला चालत नाही, असे संरक्षण अनुच्छेद १०५ आणि १९४ देतात. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारवरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ असा फेटाळला गेला. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी त्यासाठी लाच घेतल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९८ मध्ये बहुमताने असा निर्णय झाला की लाच घेऊन मत दिलेल्यांना हे संरक्षण मिळते. सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन प्रकरणात तो निर्णय रद्द केला. लाच स्वीकारली की गुन्हा पूर्ण झाला, पुढे मत कोणत्या बाजूने पडले याला महत्त्व नाही.

मग एखाद्या लोकप्रतिनिधीची धोरणविषयक भूमिका कुठे शोधायची? तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना, कपात सूचना (अर्थसंकल्पी मागणीत कपात सुचवणारी), समितीच्या अहवालाला जोडलेली भिन्नमतपत्रिका आणि अशासकीय विधेयके, इथे. यांवर व्हिपची सावली कमी असते. हजेरी आणि प्रश्नांचे आकडे आता सहज मिळतात, पण मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि शंभर प्रश्न विचारणाऱ्यापेक्षा एकच प्रश्न सहा अधिवेशने लावून धरणारा अधिक काम करून जातो, हे त्या आकड्यांत दिसत नाही. अशासकीय विधेयके मंजूर होणे फार दुर्मीळ. दोन्ही सभागृहांत संमत होऊन कायदा झालेली अशी विधेयके केवळ १४ आहेत आणि त्यांतले शेवटचे १९७० चे. तरीही सदस्याला देश कसा हवा होता, ते याच कागदांत स्पष्ट दिसते.

बॅरिस्टर नाथ पै यांचे विधेयक याचा उत्तम नमुना आहे. वेंगुर्ल्याचे नाथ पै १९५७ पासून राजापूर मतदारसंघाचे खासदार, प्रजासमाजवादी पक्षाचे. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने ठरवले की संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाथ पै यांनी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार प्रस्थापित करणारे विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, देशभर त्यावर वाद झाले. हक्कांना धोका आहे म्हणणारे कायदेपंडित एका बाजूला आणि लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा शब्द अखेरचा मानणारे दुसऱ्या. विरोधी बाकांवरचा समाजवादी सदस्य संसदेच्या सार्वभौमत्वासाठी झगडत होता. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले, म्हणजे आपोआप संपले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पै यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २४वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि त्यांनी मागितलेला अधिकार संसदेला मिळाला. केशवानंद भारती खटल्यात १९७३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध मानली, मात्र संविधानाच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही अशी मर्यादा घातली. २४व्या दुरुस्तीच्या मतविभाजनाच्या यादीत नाथ पै यांचे नाव असणे शक्य नव्हते. त्यांची भूमिका त्यांच्या विधेयकाच्या मसुद्यात आणि त्यावरच्या भाषणांत आहे, आणि लोकसभेच्या छापील वृत्तांतात ती आजही वाचायला मिळते.