मोठा प्लेयर म्हणजे मोठा कोच?

‘जो स्वतः इंटरनॅशनल खेळलाय तोच भारी कोच होऊ शकतो’ हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय, आणि ऐकायला पटतो पण, तसं वाटण्यात काही चूक नाही.

पण बघा, १४० च्या स्पीडचा बॉल बॅट्समनपर्यंत पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही, एवढ्या वेळात विचार करून कोण खेळणार, वर्षानुवर्षांच्या सरावाने शरीरच खेळतं. म्हणूनच टॉपच्या प्लेयरला ‘हे कसं केलंस’ विचारलं तर बऱ्याचदा धड सांगताच येत नाही. आणि कोचचं काम तर तेच, समोरच्याची चूक पकडायची अन् त्याला झेपेल अशा भाषेत सांगायची. हे स्किलच वेगळं, ते वेगळं शिकावं लागतं.

खेळल्याचा फायदा नाही असं नाही हां, मोठ्या मॅचचं प्रेशर माहीत असतं, पोरं पटकन ऐकतात.

चेक करायचंय? आवडता खेळ घ्या, मागच्या दहा वर्ल्डकपचे विजेते काढा आणि त्यांचे कोच स्वतः किती खेळले होते ते बघा. मग उलटंही करा, स्टार प्लेयर जे कोच झाले त्यांचे रिझल्ट काढा, फक्त जिंकलेले नको, फसलेले पण मोजायचे, कारण आपल्या लक्षात जिंकलेलेच राहतात.