टॉर्च थेट घशात जातो, दात मागंच राहतात

आमच्या तासगाव भागात डॉक्टरकडं गेलं की पहिला शब्द "आ करा". जिभेवर पट्टी दाबायची, टॉर्च मारायचा, टॉन्सिल बघायचे, झालं. त्याच उजेडात दात, हिरड्या, गालाची आतली बाजू समोर असते, पण ते बघणं आपलं काम आहे असं डॉक्टरलाही वाटत नाही अन् पेशंटलाही. ही वाटणी काय पहिल्यापासूनची नाही.

सुश्रुतसंहितेत 65 मुखरोग सांगितलेत, ओठ, हिरडी, दात, जीभ, टाळू, घसा सगळं एकाच ठिकाणी, दातवण 12 अंगुळं लांब अन् करंगळीएवढं जाड असावं इथपर्यंत. डोळे-कान-नाकाबरोबर हे सगळं आयुर्वेदाच्या शालाक्यतंत्र या शाखेत येतं आणि ते बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या डॉक्टरकीला, आजही शिकवतात. खेड्यापाड्यात दवाखाना टाकून बसलेले कितीतरी डॉक्टर बीएएमएसच आहेत, म्हणजे तोंड तपासायचं शिक्षण गावात आहेच की!

फाटा फुटला तो पुढं. 1840 ला अमेरिकेत बाल्टिमोरला जगातलं पहिलं डेंटल कॉलेज निघालं, मेडिकलपासून वेगळं. आपल्याकडं डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 ला कलकत्त्यात पहिलं काढलं, मग 1948 चा डेंटिस्ट अ‍ॅक्ट, 1949 ला डेंटल कौन्सिल. हे सगळं गरजेचंच होतं, बाजारात बसून कुणीही दात उपटायचं ते थांबायलाच हवं होतं, पण कायदा वेगळा, कौन्सिल वेगळी, कॉलेज वेगळं असं होत होत एमबीबीएसच्या पोरांच्या वाट्याला दात-हिरड्या अगदी थोड्या आल्या. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी हे सांगणाऱ्या भोर समितीचा अहवाल 1946 चा, त्यातनं प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहिली, आज साधारण 30 हजार लोकांमागं एक धरतात. दातांचा डॉक्टर मात्र तिथं सहसा नसतो, तो वरच्या ग्रामीण रुग्णालयात. मग ठणका सहन होईना झाला की लवंग, त्यानं नाही भागलं की मेडिकलमधली गोळी, अन् अगदीच तोंड उघडेना झालं की "मिरजेला दाखवा". मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 ला हॉस्पिटल काढलं तेव्हापासून आपल्या भागाला ही सवय लागलीय, दुखणं मोठं झालं की मिरज.

आता मशेरीचं सांगतो, आमच्याकडं खरं दुखणं तिथंच आहे. माझी आत्या तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची अन् डबीत भरायची, घरभर उग्र वास. सकाळी एक बोट, दुपारी भांडी झाली की एक बोट, रात्री झोपताना एक. तिला ते व्यसन वाटायचंच नाही, दात घासणं वाटायचं. बीपी-शुगरला ती वर्षानुवर्षं एकाच दवाखान्यात जायची, दर महिन्याला "आ" करायची, गालाच्या आत पांढरा चट्टा होता तो शेवटी तिच्या सुनेला दिसला. डॉक्टर माणूस म्हणून चांगले होते, त्यांचा टॉर्च पुढं घशात जायचा एवढंच. वेळेत कळलं म्हणून निभावलं.

आणि तंबाखूनं तोंडात असे चट्टे येतात, त्यातनं कॅन्सर होऊ शकतो, हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या एक लाखावर गावकऱ्यांची तोंडं तपासून त्याचा अभ्यास 1972 लाच छापून आला होता. केरळात तिरुवनंतपुरम भागात 1996 पासून ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंड बघत होते. 2005 ला निकाल आला, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले. ना मशीन ना स्पेशालिस्ट! सरकारनं टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 ला बंदी केली, महाराष्ट्रात 2012 ला गुटखाबंदी आली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार, तिथं घरातला डॉक्टरच बोलू शकतो, कारण आत्या त्याचंच ऐकायची.

बरं, नुसत्या कॅन्सरचंच नाही. शुगर वाढली की हिरड्या खराब होतात अन् हिरड्या सुजलेल्या राहिल्या की शुगर आटोक्यात यायला अवघड जातं, 1993 पासून हिरड्यांच्या आजाराला डायबेटिसची सहावी गुंतागुंत म्हणतात. फिटच्या फेनिटॉइननं हिरड्या वाढतात, बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिननंही काहींच्या वाढतात. या गोळ्या लिहून देतो कोण, तर फॅमिली डॉक्टरच.

राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रम आला तो 2014-15 मध्ये, उशिराच म्हणायचा. मग 2018 पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं व्हायला लागली. आता आशाताई तिशीच्या वरच्या माणसांचा फॉर्म भरतात, त्यात तंबाखू खाता का, तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा-लाल चट्टा आहे का असं सगळं विचारतात. आमच्या आशाताई तर उभी तीन बोटं तोंडात घालून दाखवायला लावतात, नाही गेली की चिठ्ठी देऊन केंद्रात पाठवतात. तिथं डॉक्टरनं टॉर्च गालाकडं वळवायला अर्धा मिनिट लागतो.