स्पिरिच्युअल (निषेधगीत)

अमेरिकेत गुलामगिरीत जगलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे सामूहिक धार्मिक गीत. रचनाकार अज्ञात. एकाने ओळ टाकायची व इतरांनी झील धरायची, ही गाण्याची रीत. ही गीते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला येऊ लागली असावीत. पहिला मोठा छापील संग्रह (१३६ गीते) मात्र १८६७ चा असल्याने त्यापूर्वीचा कालनिर्णय अनुमानाचाच ठरतो. चाली आफ्रिकी की गोऱ्यांच्या प्रार्थनागीतांवरून घेतलेल्या, या वादात संगीत-अभ्यासक रिचर्ड वालाशेक (१८९३) यांनी अनुकरणाची, तर संगीत-समीक्षक हेन्री क्रेबील (१९१४) यांनी आफ्रिकी वारशाची बाजू घेतली. आज संकराचे मत अधिक ग्राह्य वाटते.

शब्द बायबलचे, रोख मालकावर, असे यातील निषेधाचे स्वरूप. इजिप्तच्या गुलामीतून इस्राएलींना सोडवणारा मोशे, त्यांना गुलाम ठेवणारा राजा फारो, वचनदत्त देशाच्या सीमेवरील यार्देन नदी ही प्रतीके वारंवार येतात. आपण गात होतो त्या ‘कनान’चा (बायबलमधील वचनदत्त देश) अर्थ उत्तरेकडील मुक्त प्रदेश होता, असे गुलामगिरीतून निसटलेले नेते फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ च्या आत्मकथनात नोंदवले आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) आरंभी साउथ कॅरोलायनातील जॉर्जटाउन येथे ‘आम्ही लवकरच मुक्त होऊ’ हे गीत गाणाऱ्यांना तुरुंगात टाकले गेले. उत्तरेच्या सैन्यातील कृष्णवर्णीय पलटणीचे कर्नल हिगिन्सन यांना एका ढोलवादक पोराने त्याचे कारण सांगितले : गाण्यातला ‘प्रभू’ म्हणजे यांकी (उत्तरेकडचे लोक), असे गोऱ्यांना वाटले.

पळून जाणाऱ्यांसाठी गीतांत गुप्त खुणा होत्या, हे मत लोकप्रिय असले तरी सरसकट स्वीकारण्याजोगे नाही. गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन गाण्यांतून इशारे देत, याला १८६९ च्या त्यांच्या चरित्राचा आधार आहे. याउलट ‘तुंब्यामागे चला’ (तुंबा म्हणजे सप्तर्षी) हे वाटाड्या म्हणून गाजलेले गीत प्रथम छापले गेले ते १९२८ मध्ये. प्रचलित पाठ १९४७ चा. ते गुलामगिरीच्या काळात वाट दाखवत होते, असे म्हणण्यास पुरावा तोकडा आहे.

नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील गायकवृंदाने १८७१ पासून ही गीते रंगमंचावर नेली. त्यात खडबडीतपणा गेला, श्रोते वाढले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीत शब्द बदलून जुन्या चाली वापरल्या गेल्या. ‘सकाळी उठलो तो मन येशूपाशी’ या ओळीत १९६१ मध्ये ‘येशू’च्या जागी ‘स्वातंत्र्य’ आले. ‘वुई शॅल ओव्हरकम’ या चळवळगीताचे मूळ धर्मोपदेशक चार्ल्स टिंडली यांच्या स्तोत्रात शोधले जाते, चालीच्या दृष्टीने ‘आय विल बी ऑल राइट’ हे स्पिरिच्युअल अधिक जवळचे. चार्ल्सटनच्या तंबाखू कामगारांनी १९४५–४६ च्या संपात ‘वुई शॅल ओव्हरकम’चे आधीचे रूप गायले होते. ‘हम होंगे कामयाब’ हे ‘वुई शॅल ओव्हरकम’चेच हिंदी रूप.